आठवड्याचा स्वयंपाकाचा बेत बुधवारीच मोडतो? आधी बिघाड शोधा

तक्रार घरोघरी सारखीच असते. रविवारी सात दिवसांचा बेत लिहून फ्रिजवर चिकटवला जातो. सोमवार, मंगळवार ठीक जातात. बुधवारी रात्री पार्सल येतं, आणि शनिवारी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काळी पडलेली मेथी सापडते. मग नवा बेत, नव्या पाककृती, आणि पुन्हा तोच बुधवार.

पाककृती कमी पडतात म्हणून बेत मोडत नाही. तो मोडतो कारण कागदावर फक्त पदार्थांची नावं असतात. त्या संध्याकाळी हातात किती वेळ आहे, नळाला पाणी आलंय का, भाजी किती दिवसांची आहे, यातलं काहीच तिथे लिहिलेलं नसतं. सोलापुरात तर नळाला रोज पाणी येत नाही, आणि पाण्याची पाळी सात दिवसांच्या चौकटीत बसत नाही. या आठवड्यात पाणी मंगळवारी आलं तर पुढच्या आठवड्यात ते भलत्याच वारी येणार. त्यामुळे ‘मंगळवारी पालेभाजी’ असं वाराला बांधलेलं वेळापत्रक इथे टिकत नाही.

खालचे सगळे हिशेब पाच जणांच्या घराचे आहेत: नवरा-बायको, आजी आणि दोन शाळकरी मुलं. मापाला ही चार मोठी माणसं धरली आहेत.

आधी एक आठवडा नुसती नोंद

काहीही बदलू नका. कॅलेंडरवर रोज रात्री दोन गोष्टी लिहा: काय ठरलं होतं आणि काय खाल्लं. दोन्ही जुळलं नाही तर शेजारी एकच शब्द: वेळ, पाणी, भाजी, भिजवण, डबा, उपवास. आठवड्याअखेरीस जो शब्द सगळ्यांत जास्त वेळा आला असेल, तो तुमचा बिघाड. त्याचाच भाग खाली वाचा आणि तेवढाच दुरुस्त करा. सगळं एकदम बदलायला गेलं की दुसऱ्या आठवड्यातच दम निघतो.

‘वेळ’ जास्त वेळा आला असेल तर

वारांऐवजी संध्याकाळी वाटून घ्या. सात संध्याकाळींपैकी साधारण तीन घाईच्या असतात (शिफ्ट, ट्यूशन, उशिरा सुटणारं ऑफिस), दोन मोकळ्या, एक पाण्याची, आणि एक मुद्दाम रिकामी ठेवायची. प्रत्येक जेवण एका चिठ्ठीवर लिहा, ते कोणत्या प्रकारच्या संध्याकाळचं आहे याची वर एक खूण करा आणि चिठ्ठ्या फ्रिजवर चुंबकाने लावा. संध्याकाळ कशी आहे ते बघून चिठ्ठी उचलायची. चिठ्ठ्या पुढेमागे झाल्या तरी बेत शाबूत राहतो.

घाईच्या संध्याकाळचा सगळ्यांत मोठा अडथळा भाकरी. आठ भाकऱ्या थापून भाजायला अर्धा तास जातो, त्यात ओटा आवरणं वेगळंच. म्हणून घाईच्या चिठ्ठीवर ताजी भाकरी लिहायचीच नाही. तिथे सकाळची भाकरी चालते, सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली तर रात्रीपर्यंत चांगली राहते. नाहीतर कडक भाकरी. सोलापुरात ज्वारीची आणि बाजरीची कडक भाकरी पाकिटात सहज मिळते, कोरडी असल्याने हवाबंद डब्यात महिनाभर राहते आणि आमटीत चुरली की दोन मिनिटांत मऊ पडते. इतका चांगला तयार पदार्थ हाताशी असताना रात्री साडेआठला नूडल्सचं पाकीट फोडायचं काही कारण नाही.

घाईच्या तीन चिठ्ठ्या अशा:

शेंगाभाजी. दीड वाटी, म्हणजे सुमारे 150 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन चमचे काळं तिखट आणि मीठ एकत्र बारीक वाटायचं. एक चमचा तेलात जिरं, मग वाटण, मग चार वाट्या गरम पाणी, आणि मंद आचेवर दहा मिनिटं उकळी. यात साधारण 37 ग्रॅम प्रथिनं येतात, पण चरबीही 70 ग्रॅमच्या घरात जाते. म्हणून फोडणीत एका चमच्यापेक्षा जास्त तेल नको, आणि त्या दिवशी ताटात वेगळी शेंगा चटणीही नको. सोबत कडक भाकरी, कांदा आणि चिरलेली काकडी-गाजर भरपूर.

मुगाच्या डाळीची खिचडी. नेहमीचं तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ हे प्रमाण बदला: दीड वाटी तांदूळ, एक वाटी डाळ, आणि अर्धा किलो भाज्या (गाजर, फ्लॉवर, लाल भोपळा, मटार, जे असेल ते). तीन शिट्ट्या.

पिठलं. बेसनाचं किंवा हुलग्याच्या पिठाचं. भिजवणं नाही, शिजायला दहा मिनिटं. त्यात पातीच्या कांद्याची अख्खी जुडी चिरून घातली की भाजीही त्यातच आली.

भाकरी चिरते, तुटते, म्हणून तीच टाळली जाते

बऱ्याच घरांत खरा दोष इथे असतो आणि नोंदीत तो ‘वेळ’ म्हणून येतो. भाकरी तुटायला लागली की वेळ दुप्पट लागतो, चिडचिड होते आणि हळूहळू पोळीच रोजची होते. गव्हात पीठ बांधून ठेवणारं ग्लुटेन असतं, ज्वारीत नसतं. तिथे सगळी मदार ताज्या पिठावर आणि पाण्याच्या उष्णतेवर.

थापताना कडा फाटत असतील तर बहुतेक वेळा पिठाची विरी (चिकटून राहण्याचा गुण) गेलेली असते. उन्हाळ्यात दळण दहा-बारा दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. आठवड्यात पाच वेळा भाकरी असेल तर एका भाकरीला 80 ग्रॅम पीठ धरून सव्वातीन किलो लागतं. म्हणजे एका वेळी साडेतीन-चार किलोच दळून आणायचं, दहा किलो नाही. गिरणीतून गरम आलेलं पीठ डब्यात लगेच झाकू नका, परातीत पसरून निववा. कोंदलं की वास धरतं आणि लवकर खराब होतं.

विरी गेलेलं पीठ टाकून द्यायची गरज नाही. उकळतं पाणी घालून झाकून पाच मिनिटं ठेवा, मग हाताला सोसेल इतपत गरम असतानाच मळा. उकळत्या पाण्याने ज्वारीतला स्टार्च चिकट होतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. एकेका भाकरीचा गोळा तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दोन मिनिटं रगडायचा. बोटांनी चेपलेला गोळा परातीत हमखास चिरतो. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचं ते पिठाची बाजू पूर्ण झाकेल असं, आणि पाणी दिसेनासं होताच, पण वरचा भाग कोरडा पडायच्या आत, उलटायचं. उशीर झाला की भाकरीला भेगा पडतात आणि ती फुगत नाही.

ज्वारी घेताना मालदांडी मागा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्या भाकरीची चव घेतलेल्याला ते का मिळालं हे सांगावं लागत नाही. रब्बीचा माल फेब्रुवारी-मार्चनंतर बाजारात येतो. वर्षाची ज्वारी भरायची असेल तर तेव्हा, चांगलं ऊन देऊन.

‘भाजी’: आणली, पण सडली

आठवड्याची सगळी भाजी रविवारी लक्ष्मी मंडईतून एकदम आणणं, हे या बिघाडाचं मूळ. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा 40 अंशांच्या वर असतो. पिशवी दोन तास गाडीला लटकली की पालेभाजीचा एक दिवस तिथेच गेला. खरेदी दोनदा करा, तीन-चार दिवसांच्या अंतराने, आणि मंडईतून थेट घरी या.

संपवायचा क्रम असा ठेवा. मेथी, शेपू, चुका, पालक, अंबाडी, हिवाळ्यात करडईचा कोवळा पाला, हे पहिल्या दोन दिवसांत. गवार, भेंडी, दोडका, वांगी तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत. कोबी, गाजर, बीट आणि न कापलेला लाल भोपळा सगळ्यांत शेवटी, हे आठवडाभर थांबतात. खरेदीच्या दिवशी रात्री कोबी चिरला गेला तर मेथी सडणारच.

पालेभाजी धुऊन ठेवू नका. मुळं कापायची, पिवळी पानं काढायची, कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून भाजीच्या कप्प्यात ठेवायची. धुणं शिजवायच्या आधी. भेंडीवर पाण्याचा थेंबही राहिला तर ती बुळबुळीत होते. वांगी फ्रिजच्या मागच्या भागात, गोठवणाऱ्या गारव्यात ठेवली की आतून तपकिरी पडतात. ती भाजीच्या कप्प्यातच, तीही तीन-चार दिवसच. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवले तर दोन्ही लवकर खराब होतात.

‘पाणी’

नळाला पाणी आलं की त्याच दिवशी भांडी, कपडे, टाकी, सगळं येतं आणि स्वयंपाक मागे पडतो. पण पालेभाज्या चार पाण्यांतून काढणं, इडलीचं पीठ वाटणं, भरली वांगी करून पाच भांडी घासणं, हे सगळं जमतं तेही याच दिवशी. म्हणून पाण्याच्या चिठ्ठीवर ही कामं लिहून ठेवा आणि ती वाराला बांधू नका. पाणी आलं की तीच चिठ्ठी वर येते. पाणी संपत आल्याच्या दिवशी एका भांड्यात होणारं काहीतरी: खिचडी, पिठलं किंवा शेंगोळे.

आणखी एक दोष पाण्यातूनच येतो: डाळ शिजत नाही. सहा शिट्ट्या झाल्या तरी तूरडाळ अख्खीच. बहुतेक वेळा कारण बोअरचं पाणी असतं. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार कडधान्याचं साल आणि डाळीच्या पेशींची भिंत घट्ट करतात. डाळ आणि कडधान्यं नळाच्या किंवा फिल्टरच्या पाण्यात शिजवा, एका वेळच्या डाळीला दीड लिटर पुरतं. मीठ, चिंच, टोमॅटो डाळ मऊ झाल्यावरच. तरीही शिजत नसेल तर डाळ जुनी आहे, अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून बघा. खाण्याचा सोडा टाकू नका. डाळ मऊ होते, पण त्यातलं बी-वन जीवनसत्त्व नष्ट होतं.

‘भिजवण’ विसरते

मटकी आणि मूग आठ तास, हरभरा आणि छोले दहा-बारा, चवळी चार-पाच. विसर पडतो तो रात्री, म्हणून भिजवण रात्रीच्या भांड्यांना जोडा: ओटा पुसायच्या आधी पातेल्यात कडधान्य पडलेलंच पाहिजे. विसरलंच तर हरभरा पाण्यात दोन मिनिटं खळखळ उकळा, झाकून एक तास ठेवा, ते पाणी ओता आणि नव्या पाण्यात कुकरला लावा.

उन्हाळ्यात उलटा त्रास: मटकी आंबते. बारा तास तशीच ठेवली तर पाण्याला फेस येतो. रात्री भिजवा, सकाळी उपसून दोनदा धुवा, ओल्या सुती फडक्यात बांधून जाळीत टांगा. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, हिवाळ्यात पूर्ण दिवस लागतो. आंबूस वास आला किंवा बोटांना तार सुटली तर ती उसळ करू नका, टाकून द्या. चांगले मोड फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतात, तेव्हा एका वेळी दोन जेवणांची मटकी भिजवणं सोयीचं. अर्धा किलो कोरड्या मटकीची भिजून किलोभर होते.

पोट भरतं, पण ताट एकांगी

हा दोष नोंदीत दिसत नाही, कारण जेवण तर झालेलं असतं. तो सामानाच्या यादीत दिसतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, 2000 कॅलरी लागणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला धान्य 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85, भाज्या 400, फळं 100, शेंगदाणे-तीळ वगैरे 35, तेल-तूप 27 ग्रॅम आणि दूध-दही 300 मिलिलिटर पुरतं. चार माणसांच्या मापाने आठवड्याला:

धान्य 7 किलो
डाळी आणि कडधान्यं मिळून 2.4 किलो
भाज्या, निवडून-सोलून 11 किलो (बटाटा यात धरू नका)
फळं 2.8 किलो
शेंगदाणे, तीळ, जवस, कारळं मिळून 1 किलोच्या आत
तेल-तूप मिळून 750 ग्रॅम, म्हणजे नुसतं तेल धरलं तर सव्वाआठशे मिलिलिटर
दूध, दही, ताक मिळून 8.4 लिटर

आता आपली यादी शेजारी ठेवून बघा. सोलापुरी घरात शेंगदाणे कधीच कमी पडत नाहीत: चटणी, कूट, शेंगाभाजी, शेंगा पोळी. कमी पडते ती भाजी, बहुतेक घरांत निम्म्याने, आणि डाळ. चार जणांना एक वाटी तूरडाळीचं पातळ वरण म्हणजे दिवसाच्या 340 ग्रॅमपैकी जेमतेम दीडशे. उरलेलं उसळीतून किंवा पिठल्यातून आलं पाहिजे, म्हणून दिवसाच्या दोन जेवणांपैकी एकात उसळ किंवा पिठलं ठेवा. धान्याचा हिशेब सोपा: दोन भाकऱ्या आणि तीन पोळ्या झाल्या की एका माणसाचं दिवसाचं धान्य झालं. वर ताटभर भात घ्यायचा तर एक भाकरी कमी करा.

तेल मोजायची पद्धत: सोमवारी बाटलीत सव्वाआठशे मिलिलिटर ओतून घ्या, घरात तूप लागत असेल तर त्या मापाने कमी. गुरुवारीच बाटली तळाला गेली तर कुठल्या पदार्थात गेलं ते लगेच आठवतं. मिठाचंही तसंच. माणशी दिवसाला 5 ग्रॅमची मर्यादा धरली तर चार माणसांना किलोभराचं पाकीट सात आठवडे जायला हवं. महिन्यातच संपत असेल तर हात जड आहे, आणि लोणचं, पापड, फरसाणातलं मीठ त्यात आलेलंच नाही. घरात मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर त्या माणसाचं माप डॉक्टर सांगतील तेच.

जेवणाला लागून चहा घेऊ नका. चहातल्या टॅनिनमुळे पालेभाजी आणि ज्वारीतलं लोह नीट अंगी लागत नाही. आधी आणि नंतर एक तास सोडा, आणि भाजीवर लिंबू पिळा.

‘डबा’ परत येतो किंवा वास येतो

मार्च ते जून डब्यात दही-भात, बटाट्याची ओली भाजी आणि ओल्या खोबऱ्याची चटणी नको. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपर्यंत ठीक. हवा 32 अंशांच्या वर गेली की एकच तास. सोलापुरात ही अट निम्मं वर्ष लागू असते. धपाटे, पोळीसोबत शेंगा चटणी, सुकी मटकी, भाजलेले हरभरे-फुटाणे यांत पाणी कमी असतं म्हणून ते टिकतात. धपाट्याच्या पिठात ज्वारी दोन भाग, गहू आणि बेसन एकेक भाग, आणि चिरलेली मेथी पिठाच्या निम्मी तरी. डबा भरताना पदार्थ निवलेला हवा. गरम भरून झाकण लावलं की आत पाणी सुटतं आणि तिथूनच आंबायला सुरुवात होते.

रात्रीचा उरलेला भात किंवा उसळ पातेल्यातच ठेवून ‘गार झालं की फ्रिजमध्ये टाकू’ असं केलं तर ते बाहेरच राहून जातं. उथळ ताटलीत पसरा आणि तासाभरात आत ठेवा. लाइट गेली तर फ्रिज उघडू नका, बंद दारात गारवा चार तास टिकतो.

‘उपवास’

सोमवार सिद्धेश्वरांचा, गुरुवार अक्कलकोटच्या स्वामींचा. एकाचा उपवास आणि चौघांचं जेवण, म्हणजे दोन स्वयंपाक, आणि बेत इथेच मोडतो. उपवासाचं असं काही करा की सगळेच जेवतील: भगर, शेंगदाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, ताक. साबुदाणा जवळजवळ नुसता स्टार्च आहे, त्यावर दिवस काढला की संध्याकाळी भुकेने हात फरसाणाकडे जातो. भगर पाकीटबंद, थोडी आणि ताजी घ्या, घरी निवडून धुवा. ओलसर जागी राहिलेल्या भगरीला आणि तिच्या पिठाला बुरशी धरते आणि विषबाधा होते, ते पीठ साठवून ठेवू नका.

सुट्टीच्या दिवशीचे दोन तास

कामाचा क्रम महत्त्वाचा, कारण शेगडी आणि हात दोन्ही एकाच वेळी चालले पाहिजेत. आधी एका शेगडीवर हरभऱ्याचा कुकर, दुसरीवर मंद आचेवर अर्धा किलो शेंगदाणे. भाजले की निवत ठेवा. तेवढ्यात पालेभाज्या निवडून फडक्यात बांधा, लसूण सोला (दोन मोठे गड्डे आठवड्याला लागतात), कोथिंबीर निवडून डब्यात कागद घालून ठेवा. शेंगदाणे गार झाले की सालं पाखडून निम्म्याचं कूट आणि निम्म्याची चटणी. गरम असताना मिक्सरला लावले तर तेल सुटून गोळा होतो, म्हणून गार होईपर्यंत थांबाच. शेवटी मटकी भिजत घाला. कांदा आणि भाज्या आदल्या दिवशी चिरून ठेवू नका, वेळ वाचतो तेवढीच चव जाते आणि क जीवनसत्त्वही.

सातवी, रिकामी संध्याकाळ जपा. उरलंसुरलं संपवायला, पाहुण्यांना, बाहेर जाऊन खायला ती आहे. तिथे कुठलीच चिठ्ठी लावायची नाही. आणि पुढच्या आठवड्याची खरेदी लिहायची ती त्या रात्री फ्रिज पूर्ण उघडून, आत काय उरलंय ते बघून.